दोन नंबरचा प्लग

रविवारी पहाटे साडेपाचला साखळी काढतो आम्ही.
फाटक म्हणजे बाभळीचे दोन खांब, मधे तार,
वर पत्र्यावर रंगवलेलं विमान.
पेंटरने त्याला पोपटाची शेपटी दिली,
ती तशीच राहिली.

पट्टी मुरुमाची, सातशे पावलं,
कडेला पऱ्हाट्यांचे ढीग.
उडण्याआधी ती पूर्ण चालायची, असा नियम.
रात्री रोही बसून गेलेले असतात,
डुकरांनी कुठे खड्डा उकरलेला,
आणि ठोंबऱ्यांची एक शेळी आहे,
तिला फक्त इथलंच गवत गोड लागतं.
नोंदवहीत तिची नोंद नाही. नोंदवही माझ्याकडे असते.

वाऱ्याची पिशवी शिवली आहे छत्रीच्या कापडाची.
तिने मान टाकली की निघायचं,
आडवी झाली की चहा.

गुरांचे डॉक्टर उत्खेडे दर खेपेला
आपल्या गावावर दोन घिरट्या घालतात.
बायको गच्चीवर कुरड्या वाळवत बसलेली,
ती वर बघत नाही. गेली चार वर्षं.
सुदाम आत्राम मोहफुलांच्या दिवसांत
जंगलावर धूर शोधत जातो,
सापडला की खाली फोन:
खैरीचा नाला, वरच्या अंगाला, धावा लवकर.
आणि मी. शाळेत भूगोल शिकवते.
पहिल्यांदा वर गेले तेव्हा कळलं,
फळ्यावर मी नदी किती सरळ काढते.

पण सांगायचं होतं ते रज्जाक मिस्तरींचं.
फवारणीचे पंप, लुना, पिठाची गिरणी,
आणि अकरा वर्षं आमची ही दोन इंजिनं.
पेट्रोल मलमलीतून गाळायचे, दुधासारखं,
आणि विमान सुटलं की पट्टीच्या टोकाला
उकिडवे बसायचे, आमच्याकडे पाठ करून.
"पाहत का नाही हो तुम्ही?"
"मले आयकाले येते ना, मॅडम."

वर कधी आले नाहीत.
गुडघा दुखतो, घरी पाव्हणे,
वजन जास्त होईन तुमच्या पाखराले.
मग फाल्गुनातल्या एका रविवारी,
कारण सांगितलं नाही,
पान्हा खिशात घालून मागच्या सीटवर बसले.
पट्टा बांधला, स्वतः दोनदा ओढून पाहिला.

दोनशे पावलांत जमीन सुटली.
खाली जिनिंगच्या आवारात कापसाचा ढीग,
कोणी मीठ सांडून ठेवल्यासारखा,
पळस, शाळेचं पटांगण, एसटीची धूळ,
आणि पैनगंगेच्या कोरड्या वाळूत
डांगरवाड्यांचे हिरवे चौकोन.
मी ओरडून दाखवत होते:
तो बघा तुमचा मोहल्ला, तो मिनार,
ते गिरणीचं छप्पर, त्यावर कोणाचं तरी टायर!
लहान आरशात पाहिलं.
मिस्तरींचे डोळे मिटलेले.

भ्याले, असं मला वाटलं.
हळू वळवलं, लवकर उतरवलं.
चाकं टेकली, मुरूम उडाला, शेळी पळाली.
इंजिन बंद केल्यावर एक वेळ असते,
कानात अजून सगळं उडत असतं.

"दोन नंबरचा प्लग," मिस्तरी म्हणाले.
"वळणावर अडखळते.
खाली नीट आयकाले येईना, म्हणून गेलो."
आणि तिथंच, गरम इंजिनावर,
पान्हा लावून काढला, उजेडात धरला.
काजळ धरलं होतं त्याने.

मी वहीत लिहिलं:
प्रवासी, रज्जाक शेख. अठरा मिनिटं. वारा शांत.
काय पाहिलं, असा रकाना आमच्या वहीत नाही.

दुपारी सायकलचं कुलूप काढता काढता
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"डांगरं पिकाले आली नदीत.
वर वास येते."